एका कातळाच्या दोन लेकी

पुढच्या सुट्टीत एसटीने घाट चढायचा योग आला, तर सोबत दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या घ्या. पाण्यासाठी नव्हे बरं का! त्यात माती भरायची आहे.

पहिली बाटली भरायची रायगड जिल्ह्यात, पोलादपूरला. भाताच्या खाचराच्या कडेची मूठभर तांबूस माती पुरे. मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, तिथून पाचगणी, पसरणीचा घाट उतरून वाई, पुढे सातारा आणि कोरेगाव. इथे उतरून कृष्णाकाठच्या एखाद्या मळ्यातली माती दुसऱ्या बाटलीत भरा. मालकाला विचारून, हं! ही माती काळीभोर. हाताला चिकटेल, नखात बसेल आणि धुतल्यावरही चटकन जाणार नाही.

दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, की कुणीही म्हणेल, "या वेगवेगळ्या खडकांच्या माती असणार." पण गंमत तिथेच आहे. दोघींचा खडक एकच! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारसाचे थरावर थर पसरले. ते थंड होऊन आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. पोलादपूरही त्याच्यावर वसलंय आणि कोरेगावही. आई एकच, पण एक लेक कोकणात नांदतेय आणि दुसरी देशावर. दोघींचं रूप वेगळं, स्वभाव वेगळा, दुखणीही वेगळी!

हा बदल घडवला कुणी? सह्याद्रीच्या दोन बाजूंच्या हवामानाने. कसा, ते आता पाहू.

पाऊस नावाचा परीट

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, हे तुम्ही भूगोलात वाचलंच असेल. पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, वाळलं नाही, तर ते जमिनीवर किती उंच साचेल, तो तो आकडा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे साडेपाच मीटर, एखादं दुमजली घर बुडेल एवढा! पोलादपूर-महाडकडेही तीन हजारांच्या वर पडतो. पण सह्याद्री ओलांडून ढग पूर्वेला आले, की त्यांच्यात फारसं काही उरत नाही. वाईला हजार मिलिमीटरसुद्धा पुरे होत नाहीत. आणखी पूर्वेला, माण तालुक्यातल्या दहिवडीला तर वर्षाचा पाऊस पाचशेच्या आसपास. तुमच्या गुडघ्याएवढा!

आता जिथे दुमजली घराएवढं पाणी वर्षानुवर्षं, लाखो वर्षं कातळातून झिरपत राहिलं, तिथे काय झालं असेल? परीट कपडा आपटून आपटून धुतो, तेव्हा आधी मळ जातो, मग हळूहळू रंगही जातो. तसंच झालं. खडकात चुना होता, मॅग्नेशियम होतं, पोटॅश होतं. हे सगळे पाण्यात विरघळणारे क्षार, पिकांचं जेवणच म्हणा ना. ते धुपून ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात गेले. सिलिकासुद्धा बरीचशी गेली. मागे राहिलं ते न विरघळणारं लोह आणि अ‍ॅल्युमिनिअम. लोखंड ओल्या हवेत गंजतं आणि तांबडं होतं, हे तुम्हाला सायकलच्या साखळीमुळे माहीत आहेच. कोकणची माती तांबडी दिसते ती याचमुळे. हीच क्रिया शेवटापर्यंत गेली, की तयार होतो जांभा. कोकणात घरांना लागतात ते चिरे याच दगडाचे. पाचगणीचं टेबललँड म्हणजेही जांभ्याचंच भलंमोठं झाकण आहे.

चुना धुपून गेला, की माती आंबट होते. शास्त्राच्या भाषेत आम्लधर्मी. अशा मातीत स्फुरद लोहाला आणि अ‍ॅल्युमिनिअमला घट्ट चिकटून बसतो. जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. डब्यात लाडू आहेत, पण झाकण उघडत नाही, असा प्रकार!

देशावर याच्या उलट. पाऊस कमी, म्हणून क्षार जागच्या जागी राहिले. त्यांच्यापासून एक खास प्रकारची चिकणमाती तयार झाली. तिचे कण इतके बारीक, की ती पाणी पिते आणि फुगते, उन्हात पाणी गेलं की आकसते. म्हणून तर एप्रिल-मे महिन्यांत काळ्या रानात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. वरची माती, काडीकचरा त्या भेगांत पडतो आणि पावसाने भेगा मिटल्या की आत गाडला जातो. काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते, असं म्हणतात ते यामुळेच.

या मातीत चुना इतका मुबलक, की खोदताना पांढरे चुनखडे सापडतात. असा एखादा खडा मिळाला तर त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. कोकणच्या तांबड्या मातीवर लिंबू पिळून पाहा, काहीच होणार नाही. तिथला चुना पावसाने केव्हाच नेला!

ऊन नावाची चूल

"मग काय, देशावरचीच जमीन सुपीक! क्षार आहेत, चुना आहे, रंगही काळा," असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल. इथेच भलेभले फसतात.

माती म्हणजे नुसता खडकाचा भुगा नव्हे. पानं, मुळं, शेण, मेलेले किडे कुजून त्यांचा जो काळसर अंश मातीत मिसळतो, त्याला ह्यूमस म्हणतात. हा ह्यूमस मातीच्या कणांना एकमेकांना धरून ठेवतो, पाणी साठवतो आणि पिकाला लागणारं नत्र हळूहळू सोडतो. शिवाय त्याच्यावरच मातीतले अब्जावधी सूक्ष्मजीव जगतात. ह्यूमस किती आहे, ते प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्बाच्या टक्क्यांत मोजतात. पाऊण टक्क्याच्या वर कर्ब असला तर चांगली जमीन, अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला तर गरीब जमीन, असा साधारण हिशेब.

हे सूक्ष्मजीव उष्णतेत जोमाने काम करतात. पाणी पुरेसं असलं, तर तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. दूध फ्रीजमध्ये टिकतं आणि ओट्यावर नासतं, त्यातलाच हा भाग. युक्रेन आणि रशियातल्या गवताळ मैदानांत लांबलचक थंडी असते. तिथे गवत कुजण्यापेक्षा साठतं जास्त. त्यातून हजारो वर्षांत तिथली प्रसिद्ध काळी माती, चेर्नोझेम, तयार झाली. तिचा काळा रंग खराखुरा ह्यूमसचा.

आपल्या काळ्या मातीचा रंग मात्र फसवा आहे. तो मुख्यतः तिच्यातल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट बिलगलेल्या थोड्याशाच ह्यूमसचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, रानं महिनोन् महिने उघडी पडतात आणि गवत वाढायला पाणी नसतं. मातीतला कर्ब त्या चुलीत जळत राहतो, कर्ब वायू होऊन हवेत जातो. माण-खटावसारख्या कोरडवाहू भागातल्या कितीतरी शेतांत तो अर्ध्या टक्क्यावरही पोचत नाही. उलट कोकणात झाडझाडोरा भरपूर, त्यामुळे तिथल्या तांबड्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा देशापेक्षा जास्त असतो!

आता दोघी लेकींची दुखणी लक्षात आली का? कोकणातल्या लेकीचे क्षार पावसाने नेले. देशावरच्या लेकीचा कर्ब उन्हाने नेला. म्हणून दोघींना एकच औषध चालत नाही. पण त्याआधी आणखी एका संकटाची ओळख करून घेऊ, कारण ते दोघींवर सारखंच आहे.

थेंब की हातोडी?

पहिला पाऊस पडून गेला की घराच्या किंवा शाळेच्या भिंतीकडे पाहा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत मातीचे शिंतोडे दिसतील. ही माती भिंतीवर चढली कशी?

पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे तीस किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. तुम्ही सायकल जीव खाऊन हाणली, तरी एवढा वेग गाठताना दमछाक होईल. असे लाखो थेंब उघड्या रानावर आदळले, की ढेकळं फुटतात, कण उडतात, छिद्रं बुजतात. मग पाणी मुरत नाही, वाहायला लागतं आणि वाहताना सोबत माती नेतं. तीही कुठली? सगळ्यात वरची, ह्यूमसची, खताची! पावसाळ्यात नदी गढूळ दिसते, तेव्हा तिच्यातून कुणाची तरी शेतं चाललेली असतात. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि जायला एखादा वळवाचा पाऊसही पुरतो.

आणि हा पाऊस आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यांना आढळलं. पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र त्या मानाने वाढलेला नाही. म्हणजे बराच काळ कोरडा आणि मग एका दिवसात धो धो!

२३ जुलै २०२१ च्या सकाळी महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकात आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला, तो भरला ५९४ मिलिमीटर. दहिवडीच्या अख्ख्या वर्षाच्या पावसापेक्षा जास्त, एका दिवसात! त्याच दिवसांत चिपळूण, महाड पाण्याखाली गेलं, डोंगर खचले. डोंगरउतारावरच्या कितीतरी शेतांतली माती वाहून गेली, तर काही खाचरांत दगडगोटे येऊन बसले. पाणी ओसरल्यावर घर पुन्हा बांधता येतं. पण ती माती परत कुठून आणायची?

म्हणूनच मातीचा प्रश्न आता नुसता शेतकऱ्यांचा राहिलेला नाही. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुमच्या ताटात जे असेल, ते याच चार बोटं जाडीच्या थरातून आलेलं असणार आहे.

कोकणात काय करतात?

कोकणात आणि मावळात 'राब' करायची जुनी चाल आहे. झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचा थर भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात पेटवायचा. त्यामागे विचार होता. तणाचं बी जळतं आणि राखेतून पोटॅश आणि थोडा चुना मिळतो. पावसाने नेलेले क्षार परत करायचीच ही युक्ती! पण तिची किंमतही मोठी. जाळलं की नत्र आणि कर्ब हवेत जातो, आणि दरवर्षी झाडं ओरबाडली गेल्याने डोंगर उघडे पडतात.

मग काय करायचं? भाताच्या शेतीसाठी डॉ. नारायण सावंत यांनी 'चारसूत्री' पद्धत तयार केली. तिच्यातलं पहिलं सूत्र भारी आहे. भाताच्या तुसाची काळसर राख रोपवाटिकेत मिसळायची. का? तुसात सिलिका भरपूर असते. मघाशी आपण पाहिलं ना, कोकणच्या पावसाने मातीतली सिलिका धुऊन नेली? तीच तुसाच्या राखेतून परत द्यायची. सिलिका मिळाली की रोपं ताठ आणि कणखर होतात. दुसरं सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचं. हे झाड बांधावर लावलं की झपाट्याने वाढतं. त्याचा हिरवा पाला लावणीआधी चिखलात तुडवायचा. डोंगरावरची झाडं तोडायला नकोत आणि नत्र फुकट! तिसरं सूत्र रोपं ठरावीक अंतरावर लावायचं आणि चौथं खताच्या गोळ्यांचं. युरिया आणि डीएपीची गोळी चार रोपांच्या मधोमध चिखलात खोचून द्यायची. वरून फेकलेलं खत पहिल्याच सरीत वाहून जातं. चिखलात खोचलेली गोळी हळूहळू विरघळते.

कर्जत तालुक्यात नेरळजवळ 'सगुणा बाग' आहे. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी आणखी वेगळी वाट धरली. त्यांच्या 'सगुणा राइस तंत्रा'त दरवर्षी नांगरणी नाही आणि चिखलणीही नाही. गादीवाफे एकदाच करायचे, भात कापला की त्याची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मुळांच्या जागी नळ्यांसारखी छिद्रं राहतात, त्यांतून पाणी मुरतं, गांडुळं वाढतात. तण आवरायला मात्र तणनाशक वापरावं लागतं, ही त्यातली अडचण.

आंबट मातीला चुना देणं हा तर सरळसोट उपाय. पण किती द्यायचा, ते माती तपासल्याशिवाय ठरवायचं नाही.

आणि देशावर?

इथलं पहिलं काम म्हणजे पडेल तो थेंब थांबवायचा. थेंब थांबला की माती थांबते. उताराला आडवी नांगरट, आडवी पेरणी, शेताला ताली आणि बांध, माळावर समपातळीतले चर. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू आहे, त्यातही बांधबंदिस्तीवर भर राहिला. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसांनी पोटासाठी दगड फोडले, नालाबांध आणि पाझर तलाव खोदले. त्यांतले काही आजही पाणी अडवतात. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने श्रमदानाने चर खणले, बांध घातले आणि पहिला क्रमांक मिळवला. तुमची दुसरी बाटली ज्या तालुक्यात भरली, त्याच तालुक्यातलं हे गाव!

दुसरं काम कर्ब परत करायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेणखत हा जुना मार्ग. पण शेण उकिरड्यावर उन्हात वाळत पडलं, तर त्यातलं नत्र उडून जातं. इंदूरला होळकरांच्या संस्थानात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम कंपोस्ट करायची पद्धत बसवली. त्यावरचं पुस्तक त्यांनी १९३१ साली आपले सहकारी यशवंत वाड यांच्याबरोबर लिहिलं. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. हॉवर्ड आले होते भारतीय शेतकऱ्यांना शिकवायला, पण आपण त्यांच्याकडूनच शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

आपल्या शेतकऱ्यांचे दोन शब्द तुम्हाला माहीत असायलाच हवेत. एक 'बेवड'. म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण. हरभरा, मूग, मटकी, हुलगा यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात. म्हणून या पिकांचा बेवड चांगला म्हणतात. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास तो मातीतच गाडला, तर नत्रही मिळतं आणि कर्बही.

दुसरा शब्द 'वाफसा'. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिखल, ना कोरडी, अशी मऊ-मोकळी होते. ती वेळ म्हणजे वाफसा. तो साधला तर पेरणी साधली. ह्यूमस जास्त तर वाफसा लवकर येतो आणि जास्त दिवस टिकतो. रब्बीच्या ज्वारीत शेतकरी पुन्हा पुन्हा कोळपणी करतो, ती नुसतं तण काढायला नव्हे. भेगा बुजवल्या की आतली ओल उडत नाही. "कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" ही म्हण उगीच नाही पडलेली.

आणि जमीन झाकायची! उसाचं पाचट पेटवून देण्याऐवजी सरीत पसरलं, तर ते पांघरुणाचं काम करतं. ऊन थेट लागत नाही, थेंब थेट आदळत नाही, ओल टिकते आणि वर्षाअखेर त्याचंच खत होतं.

इथे एक इशारा. कोरड्या हवेत धो धो पाणी देणं हा जमीन सुपीक करायचा मार्ग नव्हे. पाण्यात क्षार असतात. पाणी उन्हाने उडतं, क्षार वर राहतात. निचरा नसलेल्या काळ्या रानात वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिलं, की जमिनीवर पांढरा थर दिसायला लागतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाखालच्या कितीतरी जमिनी अशा खारवट आणि चोपण झाल्या. कोकणात पावसाने क्षार नेले म्हणून माती आजारी, आणि इथे क्षार साठले म्हणून!

दोन्ही लेकींना जोडणारा एक धागाही आहे. दिवाळीनंतर देशावरचे काही धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. भात कापलेल्या खाचरांत रात्री मेंढरं बसवतात. लेंड्या आणि मूत्राचं आयतं खत शेताला मिळतं, धनगरांना धान्य किंवा पैसे मिळतात. पाऊस सुरू व्हायच्या आत कळप पुन्हा घाटावर. रस्ते नव्हते, तेव्हापासून चालत आलेली ही खताची वाहतूक!

आता तुमचा प्रयोग

दोन सारख्या आकाराची वाळलेली ढेकळं आणा. एक दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या उघड्या शेतातलं. दुसरं शेजारच्याच बांधावरचं, गवताच्या मुळांखालचं. दोन्ही ठिकाणची माती एकाच जातीची हवी. पाण्याने भरलेल्या दोन ग्लासांत चहाच्या गाळण्यांवर ती अलगद ठेवा, पाण्यात बुडतील अशी. पाच मिनिटं नुसतं पाहत बसा.

शेतातलं ढेकूळ बहुधा बुडबुडे सोडत विरघळून तळाशी जाईल आणि पाणी गढूळ होईल. बांधावरचं बराच वेळ टिकेल. हवामान तेच, खडक तोच, पाऊस तोच. फरक एवढाच, की एकीला मुळांनी आणि ह्यूमसने धरून ठेवलं होतं आणि दुसरीला कुणीच नाही. पावसाला आपण थांबवू शकत नाही, उन्हालाही नाही. त्यांच्यासमोर मातीला उघडं ठेवायचं की नाही, तेवढं मात्र माणसाच्या हातात असतं.

तुमच्या घरी शेती असेल तर आणखी एक काम करा. २०१५ पासून सरकारने 'मृदा आरोग्य पत्रिका' सुरू केली आहे. माणसाच्या रक्ताची तपासणी होते ना, तशी मातीची! त्यात बारा गोष्टी तपासतात. मातीचा आंबटपणा, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्म द्रव्यं. नमुना मात्र नीट घ्यायला हवा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करा आणि इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. झाडाखालची, बांधालगतची किंवा उकिरड्याजवळची नको. सगळी एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवा, पिशवीत भरा आणि आत चिठ्ठी टाका. नमुना प्रयोगशाळेत कसा पोचवायचा, ते गावचे सहायक कृषी अधिकारी सांगतील.

पत्रिका आली की आई-बाबांबरोबर बसून तीत 'सेंद्रिय कर्ब' हा शब्द शोधा. समोरचा आकडा वहीत लिहून ठेवा, आणि खाली तारीख. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करा आणि नवा आकडा त्याच्याच शेजारी लिहा. कर्ब फार सावकाश वाढतो. पाव टक्का वाढायलाही कधी कधी वर्षं जातात. तेव्हा आकडा तेवढाच राहिला तर हिरमुसू नका. तो खाली घसरला नाही, हीसुद्धा मोठी कमाई आहे.

आणि त्या दोन बाटल्या? त्या अभ्यासाच्या टेबलावर असू द्या. तांबडीवर लिहा 'पोलादपूर', काळीवर लिहा 'कोरेगाव'. कुणी पाहुणा आला आणि "ह्या दोन वेगळ्या खडकांच्या माती का रे?" असं त्याने विचारलं, की त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगा.